वहिनींच्या वाट्याची सकाळ

११ ऑक्टोबर. त्या दिवशी त्या दुकानावर सात जीव जगत होते.

मालक, त्यांची पत्नी, त्यांचा मुलगा, पगारावरचे दोन कामगार, मालकांच्या दिवंगत थोरल्या भावाची पत्नी आणि तिची कॉलेजात शिकणारी मुलगी. थोरल्या भावाच्या पत्नीला मालक ‘वहिनी’ म्हणत, म्हणून कामगारही म्हणत. पुढे सिलिंडर आणणारा, बर्फवाला आणि समोरचा शिंपी यांनीही तोच परिपाठ धरला. साऱ्या गल्लीची वहिनी होण्यात मान असतो. अडचण एवढीच की वहिनीला पगार किती, हे कोणी विचारत नाही. घरच्या माणसाला कसला पगार, हे वाक्य त्या घरात इतक्या सहज उच्चारले जाई की ऐकणाऱ्याला ते मायेचेच वाटावे.

दुकान तैवानी खाण्याचे होते. वहिनींच्या सासूबाई तरुणपणी तैवानहून या शहरात आल्या आणि त्यांनी न्याहारीची एक खिडकी उघडली. त्या खिडकीत एकच पदार्थ मिळे: खारे सोयादूध. सोयाबीन आदल्या संध्याकाळी भिजत घालायचे, सकाळी वाटायचे, फडक्यातून पिळायचे आणि निघालेले दूध तळाला लागू न देता उकळायचे. वाडग्यात सुकी कोळंबी, खारवलेला मुळा, कांद्याची पात, थोडा सोया सॉस आणि चमचाभर व्हिनेगर घालून त्यावर उंचावरून ते उकळते दूध सोडायचे. दूध वाडग्यातल्या वाडग्यात फुटते आणि त्याच्या मऊ, थरथरत्या गाठी होतात. ते फुटणे हाच त्या पदार्थाचा प्राण. सासूबाईंनी हे तोंडाने कधी सांगितले नाही. चुकले की मनगटावर पळी बसे, जमले की बसत नसे, अभ्यासक्रम एवढाच. वहिनी अशा शिकल्या, त्यामुळे सांगून शिकवण्याची सवय त्यांनाही लागली नाही.

सासूबाई गेल्या, काही वर्षांनी पती गेले, आणि खिडकी दिराच्या हाती आली. दिराने तिचे दुकान केले. टपोऱ्या साबुदाण्यासारख्या काळ्या गोळ्या घातलेला थंड चहा आणि कागदी पिशवीतली तळलेली कोंबडी यांवर दुकान चालू लागले. खाऱ्या दुधाचा वाडगा नवे गिऱ्हाईक “नासलंय” म्हणून परत पाठवी. तेव्हा मालकांनी तो बंदच केला. वहिनी दूध अजूनही काढत, पण ते चहात जाई. शहरात तैवानी कुठे खावे असे कोणी विचारले की लोक याच दुकानाकडे बोट दाखवत. ते ऐकून वहिनींच्या तळपायाची आग मस्तकात जाई. जे होते ते काढून टाकले, आणि पाटी तेवढी राहिली.

त्या ११ ऑक्टोबरला एका वृत्तपत्राच्या पुरवणीतून फोन आला. शहरातल्या तैवानी खाण्याच्या ठिकाणांची यादी करणाऱ्या बाईंना सकाळचे खारे दूध हवे होते. मालकांनी फोनवर होकार दिला आणि मग ते भटारखान्यात आले.

“वहिनी, तुमचं ते फुटकं दूध मागतायत.”

“फुटकं नाही, खारं.”

“तेच ते. करताय ना एक वाडगा?”

“एक वाडगा करून पुन्हा चहालाच जुंपणार असाल, तर नाही करत.”

मालक हसले. “मग काय, पालखी पाठवू?”

“सकाळ द्या, भाऊजी. दहापर्यंत खिडकी माझी. काय करायचं ते मी ठरवणार, येईल ते माझं आणि माझ्या पोरीचं. दहानंतर तुमचा चहा आहेच.”

मालकांनी हिशेब केला. सकाळी दुकान तसेही रिकामे असे. “वाडगा यादीत आला, तर सकाळ तुमची. शब्द देतो. नाही आला तर हा विषय पुन्हा काढायचा नाही.”

जाऊबाई गल्ल्यावरून मान न उचलता म्हणाल्या, “द्या की. शब्दाला कुठे खर्च येतो?”

मालकांच्या मुलाला सारे ‘चिरंजीव’ म्हणत. वसतिगृहात वाढलेला, हॉटेलच्या कामाची पदविका घेऊन नुकताच परतलेला तरुण. आजीची खिडकी त्याने चालती अशी पाहिलीच नव्हती. तो मनाने सरळ होता आणि स्वच्छतेच्या बाबतीत कर्मठ. बाई यायच्या त्या सकाळी त्याने विचारले, “काकू, मी काय करू?”

“तू फक्त वाडगा नेऊन ठेव. माझ्या कामात लुडबुड नको.”

“पण आहे तरी काय ते?”

“दिसेल तेव्हा कळेल,” वहिनी म्हणाल्या. त्यांच्या अंगात त्या दिवशी सासूबाई संचारल्या होत्या.

बाई आल्या, खिडकीजवळच्या टेबलाशी बसल्या. वहिनींनी दूध सोडले. ते हवे तसे फुटले. वाडगा भटारखाना आणि दुकान यांच्या मधल्या फळीवर ठेवून त्या मैद्याच्या लांब कांड्या तळायला वळल्या, कारण वाडगा जरा स्थिरावल्याशिवाय नेत नाहीत. तेवढ्यात चिरंजीव आला. त्याला दिसले ते असे: फाटलेले दूध, त्यावर सॉसचे तपकिरी ओघळ, खाली आंबूस पाणी. काकूंची फळीकडे पाठ, बाहेर पाहुणी वाट बघते आहे. काकूंची फजिती चारचौघांत होऊ नये म्हणून त्याने हाक मारली नाही. वाडगा मोरीत ओतला, दुसरा घेतला, दूध फाडणारे व्हिनेगर सोडून समोर मांडलेले बाकी सारे त्यात घातले, चिमूटभर साखर टाकली आणि पातेल्यातले गुळगुळीत दूध भरून नेऊन ठेवले.

वहिनी वळल्या तेव्हा फळी रिकामी होती. बाईंनी वाडगा तळापर्यंत संपवलेला त्यांनी स्वतः पाहिला. त्या दिवशी त्या मुलीला म्हणाल्या, “तुझ्या आजीची खिडकी उघडतेय गं.” मुलीने खिडकीबाहेर लावायच्या फळ्यावर कोणत्या रंगाने लिहायचे तेही ठरवून टाकले.

यादी आली तेव्हा दुकानाचे नाव पहिल्या पाचांत होते. चिरंजीवाने ती मोठ्याने वाचली: “इथले खारे सोयादूध रेशमासारखे एकसंध, किंचित गोडसर, एकही गाठ नाही.”

वहिनींनी हातातले फडके खाली ठेवले. “पुन्हा वाच.”

त्याने वाचले.

“गाठ नाही? माझ्या वाडग्यात गाठ नव्हती?”

“तो वाडगा तुमचा नव्हे, काकू,” तो म्हणाला, आणि त्याच्या स्वरात लपवाछपवीचा लवलेशही नव्हता. “तुमचं फाटलं होतं. मी बदललं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही.”

“अरे, फाटायलाच हवं असतं ते!”

“मग सांगायचं नाही का आधी?”

वहिनींनी फडके पुन्हा उचलले. राग कोणावर काढावा ते त्यांना कळेना. पोराने जे केले ते त्यांच्याच अब्रूसाठी. आणि त्यांनी जे सांगितले नाही ते त्यांना तरी कोणी सांगितले होते?

त्या मालकांकडे गेल्या. “भाऊजी, यादीत नाव आलं. ठरल्याप्रमाणे सकाळ माझी.”

“नाव कोणाच्या वाडग्याचं आलं, वहिनी? तुमचा तर मोरीत गेला.”

“दूध कोणी काढलं?”

“दूध दुकानाचं.” मालक आवाज न चढवता बोलत होते, कारण त्यांच्या दृष्टीने यात भांडण्यासारखे काही नव्हते. “हे बघा, लोक आता ते वाचून येणार. त्यांना तेच मिळायला हवं. चिरंजीव बघेल सकाळचं. तुम्ही आहातच की मागे. तुमच्यावाचून आमचं पान हलतं का?”

अन्याय करणारा मनुष्य दुष्टच असतो असे नाही. बहुतेक वेळा तो हिशेबी असतो आणि हिशेबात ज्याचे खाते नाही ते त्याला दिसत नाही. पान वहिनींवाचून हलत नव्हते हे खरे होते. पण पान हलवणाऱ्याला पानावर जागा नव्हती, हेही तितकेच खरे होते.

वहिनींनी एक प्रयत्न केला. पहिल्याच गर्दीच्या सकाळी त्यांनी एका गिऱ्हाइकाला खरा, फुटलेला वाडगा पाठवला. गृहस्थ सभ्य होते. ते वाडगा घेऊन स्वतःच फळीशी आले. “मावशी, रागावू नका, पण हे बिघडलंय. यादीत लिहिलंय, गाठ नसते.”

“लिहिणाऱ्याला काय माहीत?” वहिनी म्हणाल्या.

“आणि मला तरी काय माहीत? म्हणून तर यादी बघून आलो.”

गृहस्थांचे म्हणणे बिनतोड होते. चिरंजीवाने वाडगा बदलून दिला. या वेळी मात्र तो ओतण्यापूर्वी थांबला, त्याने एक चमचा चाखला, आणि म्हणाला, “काकू, चांगलं आहे हो हे.”

“मग विक की.”

“बाबा नाही म्हणतील,” तो म्हणाला. ते खरे होते. त्याने वाडगा मोरीत ओतला.

पुढच्या आठवड्यात फळा आला. त्यावर यादीतलेच शब्द होते, रंग जाऊबाईंनी निवडलेला. आता सकाळी रांग लागते. शहरात तैवानी कुठे खावे याचे उत्तर पूर्वीपेक्षाही ठाम झाले आहे. संध्याकाळी भिजवण पूर्वीपेक्षा मोठ्या पातेल्यात पडते, आणि अंधार असतानाच वाटायला वहिनी बसतात. मुलीने एकदा विचारले, “आई, तू नाहीच म्हणालीस तर?” वहिनी फडके पिळत म्हणाल्या, “तर तुझ्या फीचं कोण बघेल? घरच्या माणसाने नाही म्हणायचं नसतं गं, घर सोडायचं असतं. आणि जायचं कुठे?”

मुलीने फडक्याचे दुसरे टोक धरले आणि दोघींनी मिळून ते पिळले.

वहिनी त्या दुकानात आजही काम करतात. त्यांना पगार नाही. कबूल केलेली सकाळ त्यांना अद्याप देण्यात आलेली नाही.