वामनने मागे ठेवलेलं काम

वामन गेल्याची बातमी मला प्रताप नगरात भाजी घेताना कळली. आमच्या संगणक केंद्रातला एक जुना सोबती भेटला आणि वांगी निवडता निवडता म्हणाला, "वामन गेला ना गा, तुले माहीत नाही?" मला आधी रागच आला. इतका आजारी होता तर कळवायचं नाही? पण स्वतःचं काही म्हणून पुढे करायचं नाही, ही त्याची खोडच होती...

केंद्रात तेव्हा एकच मोठं यंत्र होतं आणि कामांची रांग कधी संपत नसे. साहेबांची लांबलचक कामं आधी चालत, कॉलेजच्या पोरांची छोटी कामं ताटकळत राहत. फार वेळ थांबलेलं काम हळूहळू वर सरकावं, अशी सेटिंग यंत्रात होती. आम्ही ती लावलीही होती, तरी काही हलत नसे. साहेब म्हणायचे, "सेटिंग आहे ना? मग झालं." वामनचं समाधान होईना. यंत्राचा गाभा, म्हणजे कर्नेल, त्याने कागदावर छापून घेतला आणि डबा खातानाही तो तेच वाचत बसे. शेवटी चूक सापडली. यंत्र सुरू होताना रांग लावणारा भाग आधी जागा होई आणि सेटिंग नंतर वाचली जाई, त्यामुळे रांगेच्या लेखी ती कायम शून्यच. वामनने सेटिंग आधी वाचायला लावली आणि पोरांची कामं धडाधड निघू लागली.

त्याच रांगेत वामनचंही एक काम होतं. त्याचे वडील कामठीचे विणकर. त्यांनी आयुष्यभर विणलेला लुगड्याचा काठ यंत्राकडून फुल्याफुल्यांनी छापून घ्यायचा आणि काचबिंदूने त्यांची नजर पुरती जायच्या आत त्यांना दाखवायचा, एवढीच हौस. साहेबांची परवानगीही होती. पण दुरुस्ती करताना या पठ्ठ्याने तिच्यात एक अट घातली: केंद्रातल्या माणसांची खासगी कामं वर सरकणार नाहीत. मी भडकलो. "काहून गा? तुयंच काम मागं?"

"उद्या कोणी म्हणन, वामननं आपल्यासाठीच कर्नेल उघडलं. पोट्ट्यायची परीक्षा आहे, त्यायचं होऊ दे. मायं होते ना..."

एक परीक्षा संपली की दुसरी येई. मी होतो तोवर रांग रिकामी झालीच नाही. पुढे माझी बदली झाली. त्या एका अटीचं मला आजही वाईट वाटतं.

परवा कामठीला त्याच्या घरी गेलो. भिंतीवर कागदाची एक लांब पट्टी फ्रेम करून लावलेली होती, तिच्यावर फुल्यांचा काठ. मी पाहतच राहिलो, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "दिवाळीच्या सुट्टीत निघाला, भाऊजी. पण तवा मामाजीले, यायच्या बाबाले, काहीच दिसत नव्हतं. यायनं कागद त्यायच्या हातात देला. लय वेळ बोटं फिरवली त्यायनं... मंग म्हणाले, 'काठ कुठी हाये, वामन? हाताले लागून नाही राहिला.'"