हिरवा डबा आणि धानोऱ्याकडचा बाक

आपल्या वसतिगृहाच्या फाटकाजवळचा हिरवा बाक तुम्हा सगळ्यांना आठवत असेल. रविवारी भेटायला येणाऱ्यांची वाट आपण तिथंच बघायचो. अशाच एका रविवारी माळ्यानं त्याला ताजा रंग दिला होता, आणि मी आणि कुसुम न बघता त्यावर जाऊन बसलो. उठलो तेव्हा दोघींच्या पांढऱ्या फ्रॉकवर मागं चार-चार हिरवे पट्टे. सिस्टरनी रागवायला तोंड उघडलं आणि त्यांनाच हसू आलं. त्या दिवशी कुसुमकडे कुणी आलं नाही, माझ्याकडेही नाही. तरी सगळ्या रविवारांत मला तोच लख्ख आठवतो.

त्यामुळे यंदा फाल्गुनात कुसुमचं पत्र आलं तेव्हा मी लगेच पिशवी भरली. तुम्हाला माहीत आहेच, ती धानोऱ्याच्या पुढं एका खेड्यात सरकारी दवाखान्यात नर्स आहे. पुढच्या महिन्यात निवृत्त होतेय. तिनं लिहिलं होतं, "दवाखाना नव्या इमारतीत जातोय. सोमवारी साहेब सामान बघायला येणार, सडकं असेल ते जळणात. माझ्या बाकाचा पाय त्यांनी मागच्या खेपेलाच हलवून बघितलाय. येताना हिरवा ऑइल पेंट आण. सगळ्यात टिकाऊ."

हा बाक तिनं नोकरीच्या पहिल्या वर्षी गावच्या सुताराकडून करून घेतला होता. दोन-दोन कोस चालून आलेल्या गरोदर बाया अंगणात मातीवर बसून राहायच्या, ते तिला बघवेना.

मंगळवारी सकाळी नागपूरच्या इतवारी स्टेशनातून छोट्या रुळांच्या गाडीनं निघाले. तुम्ही जाणार असाल तर हीच गाडी घ्या. हळू जाते, पण तिच्या खिडकीतून पळस अगदी हाताशी येतात. नागभीडला उतरून बसची वाट बघताना आलूबोंडे खाल्ले. शेजारी एक म्हातारे गृहस्थ बैलगाडीच्या चाकाला तेल चोळत होते. रहीमभाई, तिथले जुने रंगारी. माझ्या मांडीवरचा डबा त्यांनी लांबूनच ओळखला.

"बाई, हा रंग कायले लावून राह्यले?"

"सागवानी बाक आहे, उघड्यावरचा. दरवर्षी रंगवतात, तरी पोपडे निघतात."

"अन् पाय सडला असंल?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"मले चाळीस साल झाले ना यातच! वरून रंगानं तोंड बंद केलं, खालून पाय पाणी पिऊन राह्यला. ते पाणी जाईन कुठी? बाक पावसानं नाई सडला बाई, तुमच्या रंगानं सडला."

मला जरा रागच आला. नागपूरच्या दुकानदारानं हाच डबा छातीवर हात ठेवून दिला होता. रहीमभाई हसले. "दुकानदार खोटा नाई. हा रंग लोखंडाले द्या, जन्मभर टिकंल. लाकडाले बेलतेल पाजा." बेलतेल म्हणजे रंगाऱ्यांचं जवसाचं उकळलेलं तेल. त्यात ऊन बाधू नये म्हणून थोडा गेरू. पहिला हात टर्पेंटाईन घालून पातळ, मग नुसत्या तेलाचे दोन, आणि लाकडानं न प्यालेलं तेल चिंधीनं पुसून घ्यायचं. सगळं त्यांनी मला दोनदा म्हणून दाखवायला लावलं. एक बाटली तेल, गेरूची पुडी आणि खरवडायला पत्र्याचा तुकडा बांधून दिला.

ब्रम्हपुरी, आरमोरी, गडचिरोली अशा बस बदलत गेले. जिल्हा वेगळा झाला तरी कंडक्टर अजून गडचिरोलीला "चांद्यातलंच", म्हणजे चंद्रपुरातलंच, म्हणतो. गडचिरोलीपुढं बस कमी आहेत, दुपारची चुकवू नका. धानोऱ्यापुढं दवाखान्याच्या जीपमधून पोचले तेव्हा कुसुम दारात उभी होती. केस पांढरे झालेत, हसणं तेच. भात, लाखोळीच्या डाळीचं वरण आणि तलावातली मासळी वाढून तिनं पहिला प्रश्न केला, "हिरवाच आणलास ना?"

रहीमभाईंचं म्हणणं मी सांगितलं. ती जेवता जेवता थांबली. "म्हणजे इतकी वर्षं मी माझ्याच हातानं..."



बुधवारी सकाळी आम्ही दोघी पत्रा घेऊन बसलो. हिरव्याखाली हिरवा, त्याखाली आणखी हिरवा. पापुद्रा उचलला की खाली लाकूड ओलं. कुसुम प्रत्येक ठिकाणी बोट लावून बघत होती. गावातली जैबाई मोहफुलांची टोपली घेऊन आली. तिची तिन्ही बाळंतपणं कुसुमनं केलेली.

"सिस्टरबाई, रंग काऊन काढता?"

"बाक वाचवायचा आहे गं. पण हिरवा राहणार नाही आता."

जैबाईनं समोरच्या रानाकडं बघितलं. "हिरवं काय कमी हाय इथी?"

कुसुम इतकी हसली की पत्रा खाली पडला.

सुतारानं पाय ठोकून बघितले. सडका भाग चार बोटं होता. एकच पाय कापून चालेना, म्हणून चारही कापले. बाक दिवसभर कडक उन्हात वाळवला, मग पायांखाली एकेक बशी ठेवून त्यात तेल ओतलं. सगळ्यात जास्त पाणी पायाच्या तळातूनच शिरतं, म्हणून तिथं पोटभर पाजायचं. गुरुवार, शुक्रवार, शनिवार रोज एक हात. लाकूड मधासारखं दिसायला लागलं. पण बाक बुटका झाला, याचं कुसुमला वाईट वाटत होतं. साहेब म्हणतील, मोडका आहे.

रविवारी सुकला तेव्हा पहिली जैबाई बसली. बसली आणि पाय पुढं-मागं करून बघायला लागली.

"काय झालं?"

"पाय टेकले ना बाई! आधी लोंबतच राहत. पोटुशी असलं का लय दुखत."

"मग सांगितलं का नाहीस इतकी वर्षं?"

"तुम्ही येवढ्या हौसेनं रंगवत होत्या. तुमाले कोन सांगंल?"

कुसुम तिच्या शेजारी जाऊन बसली. तिचेही पाय टेकले.

सोमवारी साहेबांनी बाक हलवून बघितला, तो हलला नाही. यादीत लिहिलं, "बाक एक, चांगला." आणि नव्या इमारतीच्या पडवीत जिथं ठेवायला सांगितला, तिथं पायांना ओल लागू नये म्हणून चार पातळ सपाट दगड कुसुमनं आधीच मांडून ठेवले होते.

नागपूरला परतून आठवडा झाला, तरी नखांतला गेरू पुरता गेलेला नाही. चुकीचा रंग घेऊन निघालेल्या मला वाटेतच खरं सांगणारा माणूस भेटला, हे केवढं नशीब. कुसुम निवृत्तीनंतर त्याच गावात राहणार आहे. तेव्हा तुमच्यापैकी जी कुणी जाईल तिनं एवढं करावं.

माझा हिरवा डबा कुसुमकडे आहे, तो नव्या दवाखान्याच्या लोखंडी फाटकासाठी. लाकडाला कुणी लावू नये. नागभीडला रहीमभाईंना एक चांगला ब्रश द्यावा, आणि बाकाचं नाव काढून सांगावं की उभा आहे. त्यांच्याकडूनच तेलाची बाटली घ्यावी, ती बाकाला, दर फाल्गुनात एक हात. जुन्या सुती साड्या जैबाईला, बाकावरचं तेल पुसायला. तेलाच्या चिंध्या गोळा करून ठेवू नयेत, पेट घेतात. उन्हात पसराव्यात, हे तिला माझ्या नावानं पुन्हा बजावावं.

कुसुमला काही नेऊ नका. तिच्या शेजारी बाकावर बसा. पाय टेकतात.