निळ्या फुलांचे दोन वाफे

हिलालभाऊंचा उजवा हात मोडला तो नरडाण्याच्या फाट्यावर. वाळूवरून मोटारसायकल घसरली आणि मनगट दोन ठिकाणी गेलं. वीस वर्षं सूतगिरणीत फिटर असलेला माणूस. दीड महिन्याने प्लास्टर निघालं तर बोटं अशी ताठ, की चहाचा कप धरवेना. मुलगी रूपा जळगावला लॅबमध्ये कामाला होती. तिने आई-बापाला तिथल्याच पिंप्राळा भागातल्या आपल्या दोन खोल्यांत आणलं आणि जवळच्या दवाखान्यात हाताचे व्यायाम सुरू केले.

डॉक्टरीणबाईंनी दाबायला मऊ चेंडू दिला होता. भाऊ तो दहा वेळा दाबायचे आणि खिडकीत ठेवून द्यायचे. रूपा कामावर गेली की दिवस खायला उठायचा. शेवटी तिने एका सकाळी टॅबलेटवर आपला खेळ लावून दिला.

"पप्पा, हे खेळा. बोटं तरी हलतील."

खेळात एक झोपडी होती, दगडगोट्यांनी भरलेला जमिनीचा तुकडा, एक ओढा आणि दहा-बारा शेजारी. दगड वेचायचे, माती उकरायची, बी टाकायचं, झारीने पाणी घालायचं. मारामारी नाही, शर्यत नाही.

संध्याकाळी रूपा आल्यावर भाऊंनी निकाल सांगून टाकला. "यामा काईच व्हत नई. तीन दिसमा भोपळा येस. कीड नई, तण नई, लाईट बी जात नई. पोरेसना खेळ शे हाऊ."

हे त्यांनी उगाच म्हटलं नव्हतं. गिरणीत लागण्याआधी पंधरा वर्षं त्यांनी कपाशी आणि बाजरी केली होती. भावाभावांत वाटणी झाली, वाट्याला दीड एकर कोरडवाहू आली, ती मोठ्या भावाला कसायला देऊन ते गाव सोडून निघाले होते.

तरी दुसऱ्या दिवशी त्यांनी टॅबलेट पुन्हा घेतला. दुसरं करणार काय? गिरणीची पाळी भरावी तसे ते खेळले. सगळे दगड उचलले, कुंपणापासून कुंपणापर्यंत सुतात सरळ रांगा काढल्या, सगळीकडे भोपळे लावले. वाटेत कुणी शेजारी आडवा आला की वळसा घालून पुढे. चौथ्या दिवशी त्यांनी जाहीर केलं, "संपना खेळ. आते काई राह्यनं नई."

रूपा हसली. "तो संपत नाही, पप्पा."

रत्नाबाई, त्यांची बायको, शेजारी बसून मेथी निवडत होत्या. हे चार दिवस त्यांचं लक्ष पडद्यावरच होतं.

"त्या बाईनं घर कोठे शे?" त्यांनी विचारलं.

"कोन बाई?"

"ती रोज ओढावर उभी रहास ती. तुम्ही तिनाशी बोलतसच नई."

भाऊंनी त्या बाईपाशी जाऊन बोट टेकवलं. ती म्हणाली, मला निळी फुलं फार आवडतात, पण या गावात कुणी लावतच नाही. भाऊंनी ते वाचून दाखवलं.

रत्नाबाईंचे हात मेथीत थांबले. "आपली विहिरजोडे बी जागा व्हती," त्या म्हणाल्या. "मी म्हनी, शेवंती लावू का. तुम्ही म्हनेत, फुलं काय खाता येतस का?"

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. बाजारातून काय आणलं ते सांगावं, तसं त्यांनी सांगितलं. भाऊंनी आठवून पाहिलं. विहीर आठवली, मोट ठेवायची जागा आठवली, हे वाक्य मात्र काही केल्या आठवेना. बोललो असणार, एवढं त्यांना कळलं.

त्यांनी भोपळ्याच्या दोन रांगा उपटायला घेतल्या. उपटायचं तर ताठलेलं बोट दाबून धरावं लागायचं. मध्ये मध्ये हात मांडीवर ठेवून ते दम खायचे. रत्नाबाईंनी "राहू द्या" म्हटलं नाही. दोन वाफे रिकामे झाले तेव्हा भाऊंनी विचारलं, "कशी लावू?"

"दाट लावा," त्या म्हणाल्या. "रांगा नका करू."

त्यानंतर दुपारचं जेवण झालं की दोघं भिंतीला टेकून बसू लागले. खेळात काही घडत नाही ही भाऊंची तक्रार खरीच होती. पण काही घडत नसल्यामुळे रत्नाबाईंना बोलायला जागा मिळत होती. एकदा त्या म्हणाल्या, की शेताच्या कोपऱ्यातली बाजरी त्या दरवर्षी मुद्दाम कापायच्या नाहीत, पोपटांसाठी ठेवायच्या, आणि घरी पोपटांनी लुटली म्हणून सांगायच्या.

"मी दोन वरीस गोफन फिरावत राह्यनू," भाऊ म्हणाले.

"दिखे ना माले," रत्नाबाई म्हणाल्या, आणि दोघं इतकी हसली, की भाऊंच्या हातातून टॅबलेट निसटला.

त्या रात्री जेवताना ते रूपाला म्हणाले, "तुना खेळ मी नीट पाह्यना नव्हता." एवढंच. रूपाने त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

पाच आठवड्यांनी मूठ वळायला लागली. करंगळी तेवढी बाहेरच राहिली. गिरणीने त्यांना स्टोअरमध्ये बसवलं, आणि निघताना रूपाने टॅबलेट आईच्या पिशवीत टाकला. नरडाण्याच्या घरी आता सुट्टीच्या दुपारी काय लावायचं ते रत्नाबाई ठरवतात, खणणं आणि पाणी भाऊंकडे. मागच्या आठवड्यात खेळातल्या झोपडीच्या दारातलं झाड तोडण्यावरून दोघांचं वाजलं. भाऊंच्या मते त्याने वाट अडते. झाड अजून उभं आहे, आणि झारी घेऊन भाऊ त्याला वळसा घालून जातात.