तळाशी उरलेलं डिझेल

ऑर्डर ई-मेलनं आली. सोमवारी ०६३० वाजता रीडिंगच्या रिझर्व्ह सेंटरवर हजर व्हायचं. पाच दिवस, वेल्समधला ट्रेनिंग एरिया. काम : फ्युएल ट्रायल. ड्रायव्हर : कॉर्पोरल धर्माधिकारी, म्हणजे मी.

वॉटफर्डला कुणाकडे जेवायला गेलं की लोक विचारतात, "आर्मीत होतीस म्हणजे गोळ्याबिळ्या झाडल्यास का गं?" झाडल्या. रेंजवर, पुठ्ठ्यावर. अकरा वर्षं मी रिझर्व्हमध्ये होते. एरवी रीडिंगच्या एका ऑफिसात सॉफ्टवेअर टेस्टर, आणि वीकेंडला ट्रान्सपोर्ट ट्रूपमध्ये ड्रायव्हर. माझं आडनाव इंग्रजीत तेरा अक्षरांचं. युनिफॉर्मच्या नावाच्या पट्टीवर ते मावेना, म्हणून पहिल्याच आठवड्यात मला 'अल्फाबेट' हे नाव पडलं आणि ते शेवटपर्यंत टिकलं. माझ्या हातून पार पडलेली सगळ्यात मोठी कारवाई अकरा मैलांची होती. तिला गॅलनभरही डिझेल लागलं नाही. तीच सांगते.

गाडी नवी होती. फोर-बाय-फोर, डिझेल, डबल कॅब, मागे झाकलेला हौदा. कंपनीच्या ब्रोशरमध्ये लिहिलं होतं की ती एका गॅलनला तेहतीस मैल जाते. आर्मीला प्रश्न पडला होता, कुठे जाते? ते शोधायला आम्हा तिघांना पाठवलं होतं.

कॅप्टन अ‍ॅशवर्थ ट्रायलचे प्रमुख. वय एकोणतीस, इंजिनियर, अत्यंत सभ्य. चिखलालासुद्धा 'एक्स्क्यूज मी' म्हणतील असे. त्यांच्याकडे लॅमिनेट केलेलं वेळापत्रक होतं. सार्जंट प्रिचर्ड वेल्सचेच, वय बावन्न. बावीस वर्षं फुल-टाइम आर्मीत काढून मग रिझर्व्हमध्ये आलेले. त्यांच्याकडे वेळापत्रक नव्हतं, मतं होती.

सोमवारी निघण्यापूर्वी कॅप्टननी आम्हा तिघांचं वजन केलं. गाडीत जाणारा प्रत्येक किलो नोंदवायचा होता. सार्जंटनी बूट काढायला नकार दिला.

"बूट घालूनच बसणार आहे मी, सर. रिअल वर्ल्ड."

कॅप्टननी विचार केला आणि ते मान्य केलं. मग माझ्या आईनं बेसिंगस्टोकहून पाठवलेला चिवड्याचा डबाही काट्यावर ठेवला गेला. रकान्यात लिहिलं : 'फूड, इंडियन, १.२ किलो.' स्विंडन यायच्या आत सार्जंटनी त्यातला पाव किलो खाल्ला. कॅप्टननी गाडी थांबवून नोंद दुरुस्त केली.

शिवाय हौद्यात वाळूची पोती होती. बारा पोती, तीनशे किलो. मालाऐवजी.

पहिल्या दिवशी मोटरवेवर गाडीनं गॅलनला अठ्ठावीस मैल दिले. कॅप्टन खूश. मंगळवारी जंगलातल्या वाटांवर, लो रेंजमध्ये, म्हणजे चढाच्या हळू गिअरांत, टायरमधली हवा कमी करून गेलो, तेव्हा बारा. बुधवारी कॅप्टननी 'स्टॅटिक टास्क' घेतली. म्हणजे गाडी एका टेकडीवर उभी करून, इंजिन चालू ठेवून, हीटर आणि रेडिओ लावून दोन तास बसायचं. दोन तासांत शून्य मैल. कॅप्टनच्या लॅपटॉपनं उत्तर दिलं, गॅलनला शून्य मैल.

"याला काय म्हणायचं?" त्यांनी विचारलं.

"सोल्जरिंग, सर," सार्जंट म्हणाले.

सार्जंटचा डॅशबोर्डवर विश्वास नव्हता. जुन्या गाड्यांमध्ये ते टाकीत लाकडी पट्टी बुडवून डिझेल मोजायचे. या गाडीच्या टाकीच्या तोंडाशी जाळी होती, पट्टी आत जाईना. तेव्हा ते रोज सकाळी गाडीखाली झोपून बोटांच्या पेरांनी टाकी ठोकायचे आणि कान देऊन ऐकायचे. भरलेल्या भागाचा आवाज बसका, रिकाम्या भागाचा पोकळ. मग बाहेर येऊन आकडा सांगायचे. कॅप्टन तो वहीत लिहायचे नाहीत, पण ऐकायचे.

गुरुवारी ०८०० ला आम्ही कॅम्पमधून निघालो. त्या दिवशी टाकी जवळजवळ पूर्ण रिकामी करायची होती, म्हणजे भरल्यापासूनचा खरा हिशेब मिळाला असता. निघण्यापूर्वी सार्जंटनी हौद्यात जादा डिझेलचा वीस लिटरचा जेरीकॅन ठेवला. कॅप्टननी तो खाली उतरवला.

"वजनानं आकडे बिघडतील, सार्जंट. डॅशबोर्ड म्हणतोय, अजून ब्याण्णव मैल जाईल. आपल्याला चाळीस जायचंय."

"तो डांबरी रस्त्यावरून बोलतोय, सर. आत्ताच गुळगुळीत रस्त्यानं आलाय. त्याला वाटतंय, आयुष्य असंच असतं."

"नोंद घेतली," कॅप्टन म्हणाले. जेरीकॅन कॅम्पमध्येच राहिला.

डोंगरात शिरल्यावर डॅशबोर्डला आयुष्य कळायला लागलं. ब्याण्णवचे साठ झाले. चिखलातल्या एका चढावर, पंधरा मिनिटांत, साठाचे एकतीस. ढग इतके खाली आले होते की बॉनेटच्या पुढे मेंढ्या आधी ऐकू यायच्या, मग दिसायच्या. ११२० ला नारिंगी दिवा लागला. कॅप्टननी परतायचा निर्णय घेतला. निर्णय बरोबर होता, फक्त उशिरा.

वाट अरुंद होती. सार्जंट खाली उतरले आणि मला मागे घ्यायला हातानं खुणा करू लागले. आरशात ते मला स्पष्ट दिसत होते. हात वर, म्हणजे थांब. मी थांबले. ते एक पाऊल मागे सरकले आणि आरशातून नाहीसे झाले.

पाण्याच्या मोरीवर स्लेटची ओली फरशी होती. ते कमरेएवढ्या खड्ड्यात पडले होते. वेळ ११३४.

मी टीम मेडिकचा कोर्स केला होता. शिवाय माझी आई भूल देणारी डॉक्टर, बाबा हाडांचे. आमच्या घरी आमटी वाढता वाढता फ्रॅक्चरवर बोलणं चालतं. मी सार्जंटचा बूट कापला. घोटा मोडला होता आणि पाऊल भलत्या दिशेला वळलं होतं. पाऊल पांढरं, गार. वरच्या बाजूला नाडी शोधली. लागेना.

"काय म्हणतंय?" सार्जंटनी विचारलं.

"सरळ करावं लागेल."

"मग कर. मला गोष्ट नको सांगू."

मी पाऊल दोन्ही हातांनी धरलं, ओढलं आणि जागेवर आणलं. सार्जंटनी वेल्श भाषेत बरंच काही म्हटलं. कॅप्टन नम्रपणे दुसरीकडे बघत होते. नाडी आली, पण कोळ्याच्या धाग्यासारखी. टिकेल याची खात्री नव्हती. गेली आणि काही तास गेलेलीच राहिली, तर पाऊल जातं. बाबांनी हे मला जेवतानाच सांगितलं होतं.

फळी नव्हती. कॅप्टननी ते लॅमिनेट केलेलं वेळापत्रक आणि ट्रायलच्या फाइलचे दोन्ही पुठ्ठे पुढे केले. त्यात पाय बांधला.

रेडिओवर कॅम्पला कळवलं. "झीरो, धिस इज टू-वन. वन कॅज्युअल्टी. ओव्हर."

उत्तर चार मिनिटांनी आलं. ढगामुळे हेलिकॉप्टर नाही. कॅम्पची दुसरी गाडी नदीपलीकडे, पाणी चढलेलं, वळसा घालून दोन तास. अ‍ॅम्ब्युलन्स दरीतल्या चॅपलपर्यंत, म्हणजे छोट्या चर्चपर्यंत येईल, जिथे डांबरी रस्ता सुरू होतो. तिथपर्यंत आमचं आम्ही यायचं.

"अंतर?" सार्जंटनी विचारलं.

"अकरा मैल," मी म्हणाले आणि डॅशबोर्डकडे पाहिलं. आकडा गेला होता. तिथे तीन डॅश होत्या. गाडीनं मत देणं सोडलं होतं.

आम्ही सार्जंटना हौद्यात घ्यायला निघालो, तर तिथे तीनशे किलो वाळू.

"पोती फेका," सार्जंट म्हणाले.

"ट्रायलचा पेलोड..." कॅप्टननी सुरुवात केली आणि स्वतःच थांबले. "सॉरी. अर्थात." बाराही पोती त्यांनी एकट्यानं बाहेर टाकली. तरी मोजून टाकली.

सार्जंटना मॅटवर झोपवलं, स्लीपिंग बॅगमध्ये गुंडाळलं, केबिन आणि हौद्यामधली खिडकी उघडी ठेवली. तिथून आवाज आला, "सर, आता खाली जा आणि टाकी ठोका."

कॅप्टन अ‍ॅशवर्थ पाठीवर झोपून चिखलातून गाडीखाली गेले. त्यांचं जॅकेट नवं होतं.

"कसा ठोकू?"

"कर्नलचं दार ठोकता तसा. वरून खाली या. आवाज बदलला की सांगा."

"पोकळ... पोकळ... पोकळ..." खालून येत राहिलं. बराच वेळ. मग, "बसका!"

"तळापासून किती?"

"एक तळहात. आडवा."

"पोचेल. जर अल्फाबेट माझं ऐकेल तर."

१२०२ ला निघालो. हीटर बंद. हौद्यात सार्जंटच्या शेजारी कॅप्टन बसले, पाय धरून. उतारावर मला वाटलं होतं गाडी न्यूट्रलमध्ये सोडावी. तसं करताच मागून गर्जना झाली.

"गिअरमध्ये ठेव! गिअरमध्ये उतरलीस तर इंजिन डिझेल मागतच नाही. न्यूट्रलमध्ये ते प्यायला बसतं!"

"येस, सार्जंट."

"आणि ब्रेक कशाला मारलास? त्या वेगाचे पैसे आपण वरती भरलेत!"

मी आयुष्यात इतकी हळुवार गाडी कधी चालवली नाही. खड्डा आधी बघायचा, अ‍ॅक्सिलरेटर आधी सोडायचा, ब्रेकला पाय लावायचा नाही. प्रत्येक दणक्याला सार्जंट कळवळायचे आणि पुढच्याच श्वासात गिअर सांगायचे. दर पाच मिनिटांनी मी ओरडायचे, "नाडी?" आणि कॅप्टन ओरडायचे, "आहे!" एकदा ते म्हणाले, "बहुतेक आहे." मग, "हो, हो, आहे. मी माझीच मोजत होतो."

आठव्या मैलाला मेंढ्या आडव्या आल्या. हॉर्ननं हलेनात. कॅप्टन उतरून त्यांच्याशी बोलले. बहुतेक 'एक्स्क्यूज मी'च म्हणाले असतील. गेल्या.

शेवटचा चढ चॅपलच्या अलीकडे होता. चारशे यार्ड, उभा. अर्ध्यात गाडीनं खोकला दिला. पुन्हा दिला. मी लगेच मागे घेऊन पायथ्याशी आणली. चढावर उरलेलं डिझेल टाकीच्या मागच्या कोपऱ्यात जात होतं आणि इंजिनला डिझेलऐवजी हवा मिळत होती. एकदा हवा आत गेली की तिथेच संपलं.

मग हौद्यातून सार्जंट म्हणाले, "मॅन्युअल, पान एकसष्ट. आकृती आठवते कुणाला?"

"ओढणारी नळी टाकीत पुढच्या बाजूला आहे," कॅप्टन सावकाश म्हणाले.

"मग पुढची बाजू खाली ठेवा."

मला कळायला दोन सेकंद लागले. मी गाडी वळवली. कॅप्टन वजन कमी करायला उतरले आणि मागे, म्हणजे आता वरच्या बाजूला, हात करत उलटे चालू लागले. मी तो चढ पूर्ण रिव्हर्समध्ये चढले. आरशात कॅप्टन, चिखलानं माखलेले, मोठ्यानं अंतर मोजत होते. मी त्यांना ओरडून सांगितलं, "सर, पायाखाली बघा!" त्या दिवशी आरशातून आणखी एक माणूस गेलेला मला परवडला नसता.

इंजिन खोकलं नाही.

१२५७ ला आम्ही चॅपलच्या दारात उलटे पोहोचलो. अ‍ॅम्ब्युलन्स उभी होती. पॅरामेडिकनं पायाला बांधलेलं वेळापत्रक वाचलं. "इथे लिहिलंय, तुम्ही आत्ता लंचवर आहात," ती म्हणाली. नाडी तिलाही लागली. अ‍ॅम्ब्युलन्स गेल्यावर मी गाडी बाजूला लावायला स्टार्टर दिला. चालू झाली नाही.

कॅप्टननी रिपोर्ट प्रामाणिकपणे लिहिला. पूर्ण ट्रायलमधला, चिखलातला सगळ्यात चांगला आकडा त्या अकरा मैलांचा होता. 'परिस्थिती' या रकान्यात त्यांनी लिहिलं : 'हौद्यात जखमी सार्जंट, सतत बोलणारा.' वरून विचारणा आली की ही परिस्थिती पुन्हा निर्माण करता येईल का. सार्जंटनी नाही म्हणून कळवलं.

शनिवारी मी हॉस्पिटलमध्ये गेले. ऑपरेशन झालं होतं, पाऊल गुलाबी होतं. त्यांनी आधी आकडा विचारला, मग तब्येत सांगितली. मी त्यांना विचारलं की डिझेलचा त्यांना एवढा ध्यास का.

ते एका वाळवंटातल्या पोस्टिंगबद्दल बोलले. कॅम्पला लागणारं डिझेल टँकरनं यायचं, लांबच्या रस्त्यानं. एका सकाळी त्यांच्या काफिल्यातला एक टँकर स्फोटात गेला. प्रायव्हेट टली, वय वीस. लान्स कॉर्पोरल रीस, वय तेवीस.

"ते डिझेल कशासाठी होतं, ते मी नंतर शोधून काढलं," ते म्हणाले. "रिकाम्या तंबूंच्या एसीसाठी. दारं उघडी असायची."

नर्स चहा घेऊन आली.

सार्जंट प्रिचर्ड त्या घोट्यावर वर्षभरात पुन्हा चालू लागले. मुलीच्या लग्नात नाचलेसुद्धा. मी पाहिलंय, वाईट नाचले. चार वर्षांनी ते गेले. घरी, आजारपणात. त्यामुळे त्यांचं नाव स्मारकाच्या कुठल्याच दगडावर नाही.

नोव्हेंबरमध्ये एक रविवार युद्धात गेलेल्या सैनिकांच्या स्मृतीचा असतो; त्या दिवशी मी मेडल लावून स्मारकापाशी जाते. गेल्या वर्षी अ‍ॅशवर्थ शेजारी होते, आता मेजर. अकराला दोन मिनिटांची स्तब्धता सुरू झाली. मी मनात नावं घेतली. टली. रीस. प्रिचर्ड. शेजारी मेजरचे ओठ हलत होते. तीच तीन नावं, त्याच क्रमानं. त्यांना कोणी सांगितली, मी कधी विचारलं नाही.

अकरा वाजून दोन मिनिटांनी बिगुल वाजला.