झोपलेला उजवा हात

लग्नानंतर तीन आठवड्यांनी हे बहारीनला परत गेले आणि माझा व्हिसा यायला पुढचं सबंध वर्ष गेलं. एक्याऐंशी-ब्याऐंशीच्या सुमाराची गोष्ट. मी विमानातून उतरले तेव्हा समोर उभ्या असलेल्या माणसापेक्षा त्याचा फोटो मला जास्त ओळखीचा होता. ह्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली, "प्रवास बरा झाला ना?" असं विचारलं आणि मनामाच्या गुदैबिया भागातलं घर येईपर्यंत टॅक्सीत दुसरा शब्द काढला नाही. मीही काढला नाही. सांगलीहून निघताना आईने बजावलं होतं, सुरुवातीला जरा बेतानं बोल.

घर म्हणजे अर्धा फ्लॅट. दोन खोल्या आणि सामाईक स्वयंपाकघर. दुसऱ्या खोलीत चिपळूणकडचं एक जोडपं राहायचं. त्यांना मी भाऊ आणि वहिनी म्हणायचे. भाऊ एका दुकानदाराची पिकअप चालवायचे, बंदरावरून मनामाच्या बाजारात माल टाकायचे. वहिनी घरीच असत आणि त्यांचा आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत जाई. आमचे हे जहाजदुरुस्तीच्या एका कंपनीत ड्राफ्ट्समन होते. दिवसभर रेघा मारायचे, आणि घरीही त्यांचं सगळं रेघेत असायचं. मी घडी घातलेला रुमाल मी वळले की पुन्हा उलगडून घडी घालायचे. मला ते दिसायचं, पण मी बेतानं बोलत होते.

माझा तिथला पहिला शुक्रवार. सुट्टीचा दिवस. ह्यांनी सकाळी मासळी आणली, वहिनींनी मला त्यांच्या पद्धतीचं कालवण करायला शिकवलं, आणि आम्ही सगळे चांगले पोटभर जेवलो. मग खोलीत आलो. खोलीत ह्यांच्या एकटेपणाच्या काळातली लोखंडी कॉट होती आणि त्या काळातलीच एकुलती एक उशी.

"उशी तू घे."

"नको, तुम्ही घ्या. मला सवय नाही."

"मलाही नाही."

ह्या माणसाला उशीची सवय नव्हती तर ती चपटी कशाने झाली होती, हे मी विचारलं नाही. इतक्या अदबीने आम्ही ती एकमेकांकडे सरकवत राहिलो की शेवटी ती पायथ्याशी जाऊन पडली. मग ह्यांनी भिंतीकडे बघत उजवा हात लांब केला आणि म्हणाले, "असं चालेल?"

मी दंडावर डोकं ठेवलं. खिडकीतला एसी जात्यासारखा घरघरत होता. वर्षभराचा शीण, विमानाचं जागरण, कालवण. मला माहेरीसुद्धा कधी लागली नव्हती इतकी गाढ झोप लागली. उठले तेव्हा खिडकीवरचं ऊन उतरलं होतं आणि हे कॉटच्या कडेला बसून स्वतःच्या हाताकडे बघत होते.

"काय झालं?"

"हात उठत नाहीये."

मला वाटलं, गंमत करतायत. वर्षाने का होईना नवरा गंमत करतोय म्हणून मी हसलेसुद्धा. ह्यांनी डाव्या हाताने उजवा हात उचलून माझ्यासमोर धरला आणि सोडला. मनगटापासून पंजा खाली लोंबला, वाळत घातलेल्या हातमोज्यासारखा. कोपर हलत होतं, दंड हलत होता, मूठ कशीबशी वळत होती. पण पंजा वर होईना, बोटं सरळ होईनात, अंगठा तर आत मुडपून बसलेला. अंगठ्याच्या वरच्या बाजूला मी चिमटा काढून पाहिला.

"लागला?"

"कुठे काढलास?"

मी धावत स्वयंपाकघरात गेले. वहिनी चहा टाकत होत्या. त्या चहा तसाच ठेवून आल्या, त्यांच्या मागून भाऊ.

"काय झाला गो?" वहिनींनी पंजा उचलून पाहिला, उलटा केला, सुलटा केला. "ह्या त्या एशीचा वारा. सांगत होते मी, डोक्याशी लावू नका."

"एसीने हात लोंबत नाही," भाऊ म्हणाले. "माशावर दही खाल्लंत काय भावजी?"

ह्यांनी दही खाल्लं नव्हतं. वहिनींनी खोबरेल गरम करायला घेतलं. तेवढ्यात माझ्या तोंडातून 'लकवा' हा शब्द निघून गेला आणि मला रडू फुटलं. त्याबरोबर भाऊंनी पिकअपची किल्ली उचलली. "यल्ला, चला. तेल मागनं लावा."

हॉस्पिटलात डॉक्टर भेटले ते बहारीनीच, पण मुंबईत राहून शिकलेले. त्यांचं हिंदी ह्यांच्या हिंदीपेक्षा चांगलं होतं. आम्ही पडद्याच्या आत बसलो, भाऊ बाहेर बाकावर. डॉक्टरांनी आधी ह्यांच्या मनगटावर बोटं ठेवून नाडी पाहिली. मग नखं दाबली, ती पांढरी होऊन पुन्हा गुलाबी झाली. पंजा गरम आहे ना, हे हात लावून पाहिलं. "खून का रास्ता साफ है," म्हणाले. रक्तवाहिनी दबली असती किंवा तुटली असती तर हात गार आणि पांढरा पडला असता, आणि मग मी तुमच्याशी गप्पा मारत बसलो नसतो, असं त्यांनी सांगितलं. मग बोटं पसरायला लावली, कोपर वाकवायला, ताठ करायला लावलं. शेवटी त्यांनी स्वतःच्या हाताने ह्यांचं मनगट वर उचलून धरलं आणि म्हणाले, "अब दबाओ मेरी उँगली." ह्यांनी दाबली. डॉक्टर "अरे अरे" म्हणाले. जोर शाबूत होता, फक्त मनगट वर धरणारं कोणी नव्हतं.

दंडाच्या हाडाला मागून वळसा घालून एक नस खाली येते. तिथे ती हाडाला चिकटूनच असते, वरून फारसं मांस नसतं. ती दबली की मनगट आणि बोटं वर उचलणारे स्नायू झोपतात. त्यांनी माझ्या समजुतीसाठी स्वतःच्या दंडावर बोट फिरवून तो वळसा दाखवला. मग ह्यांना विचारलं, हात कशावर ठेवून झोपला होता? खुर्चीच्या पाठीवर? कॉटच्या दांड्यावर?

"नहीं."

"फिर क्या था हाथ पर?"

हे भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणाले, "तकिया."

डॉक्टरांनी ह्यांच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. माझ्या नव्या बांगड्या, नवी साडी.

"तकिया इंडिया से कब आया?"

पडद्याबाहेर भाऊंना जोरात खोकला आला.

मी पदराचं टोक पिळत बसले. डॉक्टर हसले नाहीत, निदान तोंडाने नाही. असे बरेच नवरे येतात, वैद्यकाच्या पुस्तकात ह्या दुखण्याला मधुचंद्राचंच नाव दिलेलं आहे, असं त्यांनी अगदी गंभीरपणे सांगितलं. मग विचारलं, मुंग्या आल्या असतील, तेव्हा जाग नाही आली? आली असेल तर हात काढून का नाही घेतला?

हे हळूच म्हणाले, "आली होती जाग. पण ती झोपली होती."

मी मान वर केली. इतक्या दिवसांत ह्या माणसाने मला प्रवास, चहा आणि उशी ह्यांखेरीज काही विचारलं नव्हतं. मुंग्या येऊन हात बधिर होत असताना तो तसाच पडून राहिला होता, मी उठू नये म्हणून. मला पुन्हा रडू यायला लागलं, आणि डॉक्टरांना वाटलं मी हातासाठी रडतेय. "नस कटी नहीं है, सिर्फ दबी है," त्यांनी समजूत घातली. जागी व्हायला काही आठवडे लागतील. कदाचित जास्तही. इंशाल्ला पूर्ण बरा होईल. तोवर पंजा वर धरून ठेवणारी पट्टी बांधा, आणि बोटं आखडू नयेत म्हणून रोज दुसऱ्या हाताने हलवत राहा.

परतीच्या वाटेवर भाऊंनी पिकअप मनामाच्या बाजारात थांबवली. "एक मिनिटात येतो," म्हणाले आणि काखेत दोन नव्या उशा घेऊन आले. माझ्या मांडीवर ठेवल्या आणि काही न बोलता गाडी सुरू केली. त्यांना बोलायची गरजच नव्हती. घरी वहिनी होत्या.

दुसऱ्या दिवसापासून हे पट्टी बांधून ऑफिसला जायला लागले. पंजा असा वर उचललेला की रस्त्याच्या कडेला उभे राहिले तरी टॅक्सी थांबायच्या. ड्रॉइंग बोर्डावर बसणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांना जुने नकाशे तपासायचं काम दिलं. साहेबाला ह्यांनी सांगितलं, गॅसचं सिलिंडर उचलताना झालं. स्वतःच्या आईला पत्रात कळवलं, जिन्यावरून पाय घसरला. मराठी मित्रांना सांगितलं, क्रिकेट. पुढे एका घरी सत्यनारायणाच्या पूजेला ऑफिसमधला एकजण, क्रिकेटवाला एकजण आणि सासूबाईंच्या ओळखीचं एक कुटुंब नेमके एकत्र आले. प्रसादाच्या वाट्या हातात घेऊन तिघांत वाद जुंपला. हे उठून पाणी प्यायला गेले. वहिनींनी तोडगा काढला. "तिन्ही खरा हाय हो. सिलिंडर घेऊन जिना उतरताना भावजींना चेंडू लागला." आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "नाय गो?" बायका पदर तोंडाला लावून हसल्या. म्हणजे चौथी हकिगत त्यांना आधीच पोचली होती.

माझं डोकं काही एवढं जड नाही, हे मी तेव्हाही म्हणत होते आणि आजही म्हणते. पण ऐकतं कोण!

खरी पंचाईत सकाळी व्हायची. शर्टाची बटणं, बुटाची नाडी, दाढी. ज्या माणसाला मी हाक कशी मारावी हे ठरवत होते, त्याच्या गळ्याशी आता रोज वस्तरा घेऊन उभं राहायचं. पहिल्या दिवशी हे डोळे गच्च मिटून बसले. हळूहळू हात बसला, आणि वस्तरा गालावर असताना माणसाला उत्तर देता येत नाही हेही माझ्या लक्षात आलं. मग मी बेतानं बोलणं सोडलं. सांगलीचं, माहेरचं, वर्षभर साठलेलं सगळं बोलून घेतलं. हे फक्त "हं" म्हणायचे.

दाढीनंतर पट्टी सोडून व्यायाम. टेबलाच्या कडेवर हात ठेवून पंजा खाली सोडायचा आणि त्याच्याकडे बघत राहायचं. हे इतक्या एकाग्रतेने बघायचे की मलाच घाम फुटायचा. पंजा काही हलत नसे. आठवडे गेले. हे जास्तच गप्प झाले. एकदा मी स्वयंपाकघरातून पाहिलं, तर डाव्या हाताने पेन्सिल धरून कागदावर सरळ रेघ मारायचा प्रयत्न चालला होता. रेघ वाकडी गेली. कागदाची चार वेळा घडी घालून तो टोपलीत टाकला. त्या दिवशी वहिनींनीही काही चेष्टा केली नाही.

मग एका सकाळी मी बटणं लावताना एक काज चुकवलं. शर्ट तिरका झाला.

"वरून मोजत यावं," हे म्हणाले. "म्हणजे चुकत नाही."

"मला बटणं लावता येतात."

"दिसतंय."

आमच्या संसारातलं ते पहिलं भांडण. मी म्हटलं, रुमालांच्या घड्या तुम्हाला चालत नाहीत, चहा चालत नाही, आता बटणंही चालत नाहीत, तर वर्षभर वाट बघून मला बोलावलंत कशाला? पलीकडे वहिनींच्या भांड्यांचा आवाज थांबला. मी थांबले नाही. तेव्हा ह्यांनी उजवा हात माझ्यासमोर धरला, "अगं, थांब!" म्हणून.

पट्टी बांधलेली नव्हती. पंजा वर आला होता. पुरता नाही, थरथरत, जेमतेम दोन बोटं उंच. पण आला होता.

आम्ही दोघं त्या मनगटाकडे बघत राहिलो. ह्यांनी पंजा खाली सोडला आणि पुन्हा उचलला. मग मला म्हणाले, "अजून बोल."

"काय बोलू?"

"काहीही. भांड."

मला शब्द सुचेना. दाराबाहेरून वहिनी ओरडल्या, "बोल गो बोल, गप्प का बसलीस?"

तिथून पुढे सुधारणा भराभर झाली. आधी मनगट, मग बोटं, आणि अंगठा सगळ्यांत शेवटी. हिवाळा सुरू होताना हे बोर्डावर परत बसले. डॉक्टरांनी शेवटचं तपासून "खलास, जाओ" म्हटलं, आणि चहाला घरी बोलावल्यावर खरंच आले.

ह्या प्रकरणाने हे मात्र गुदैबियातले नसांचे तज्ज्ञ झाले. कुणाच्या हाताला मुंग्या आल्या की ह्यांच्याकडे यायचे. पुढच्याच वर्षी भाऊंची करंगळी आणि शेजारचं बोट बधिर राहायला लागलं. वहिनींनी एसीला दोष दिला. ह्यांनी भाऊंना खुर्चीत बसवलं, कोपराच्या आतल्या हाडामागे बोटाने हलकेच टकटक केलं, आणि भाऊ "आई गं" करून उडाले. करंगळीपर्यंत झिणझिणी गेली होती.

"गाडी चालवताना कोपर खिडकीवर टेकवता ना? दिवसभर?"

"मग? ड्रायव्हर आहे मी."

"तिथेच नस दबतेय. कोपर आत घ्या."

डॉक्टरांनीही तेच सांगितलं. वहिनी लगेच हात धुऊन मागे लागल्या. खिडकीत कोपर टाकून मनामाच्या बाजारात कुणाकुणाला बघत हिंडता, बघतेच मी, म्हणाल्या. आणि दुसऱ्या दिवसापासून काहीतरी आणायचं निमित्त काढून पिकअपमध्ये भाऊंच्या शेजारी बसून निघाल्या, कोपर आत ठेवतात की नाही ते पाहायला.