अठ्ठाविसाव्या ओळीतली शिडी

पहाटे पाच वाजून दहा मिनिटं. लेइनासेई काल्सोंग चुलीजवळ बसून कसावा किसते आहे. चर्चमागच्या घरांत अजून हालचाल नाही. दुपारच्या आत तिला परदेशी मजुरीला जाणाऱ्या चौदा नावांची यादी राजधानीत, पोर्ट व्हिलाच्या मजूरभरती कचेरीत द्यायची आहे.

तिचं वय सत्तेचाळीस. ऑस्ट्रेलियातल्या एकाच संत्र्यांच्या बागेत तिनं सहा मोसम काढले, शेवटचे तीन मुकादम म्हणून. ती म्हणेल त्या मालकाकडे गावातली माणसं जातात. या वेळी मालक दोन आहेत: जुना, आणि त्याच्या बागेपासून नदीपलीकडचा नवा. कचेरीनं कागदही पाठवला आहे. जुन्या मालकाला पाचपैकी गुण द्या: मजुरी, निवास, सुरक्षितता, वागणूक.

भाचा काल्तोंगा चहा घेऊन आला.

"आत्या, नव्याकडे दोघांत एक खोली आहे. पंखा आहे. बिस्किटं फुकट."

"बिस्किटांसाठी समुद्र ओलांडतोस होय?"

"पंख्यासाठी. बिस्किटं तुला."

ती हसली नाही. "जुन्याला वागणुकीचे किती देऊ?"

"चार. शिव्या देत नाही."

"तुझ्या काल्मेटकाकानं किती दिले असते?"

काल्तोंगानं कप खाली ठेवला. "पाच. काकाला सगळेच चांगले वाटायचे."

काल्मेट तिचा धाकटा भाऊ. गेल्या मोसमात झाडांच्या अठ्ठाविसाव्या ओळीत, शिडीवरच, त्याच्या छातीत कळ आली. मालकानं रीतसर सगळं केलं. रुग्णवाहिका बोलावली, शवपेटी विमानानं पाठवली. काम चाळीस मिनिटं थांबलं. चौथ्या दिवशी काल्मेटच्या पलंगावर दुसऱ्या बेटाचा एक माणूस आला.

या गावात गेलेल्याच्या अंथरुणाला शंभर दिवस कोणी हात लावत नाही. मालकाला ते ठाऊक नव्हतं. मुकादमाला होतं. सांगितलं असतं तर त्यानं ऐकलंही असतं. तिनं सांगितलं नाही. मोसम अडीच महिने बाकी होता, आणि तक्रारी करणारी मुकादम कोणाला नको असते.

तो माणूस तीन आठवड्यांत निघून गेला. कामाची वेळ झाली की कोणीतरी खांदा हलवतं, एवढंच सांगून. त्यानंतर जेवणाच्या सुट्टीत, वारा नसताना, अठ्ठाविसाव्या ओळीतली शिडी खोडावर आपटायची. काल्तोंगानं दोनदा ऐकली. लेइनासेईनं रोज.

काल्मेटला चर्चमागे पुरलं. पण जिथं पडला तिथं उभं राहून त्याला घरच्या कोणी नावानं हाक मारलेली नाही. अशी हाक न मारता आणलेला माणूस अर्धाच येतो, असं इथं धरून चालतात.

"तेरा नावं नव्याकडे लिही," ती म्हणाली.

"आणि चौदावं?"

"माझं जुन्याकडे."

"एकटीच? मुकादमी जाईल, आत्या."

"जाऊ दे."

"आणि मालकानं विचारलं, तेरा माणसं दुसरीकडे पाठवून तू इथं कशाला आलीस, तर?"

"आधी काल्मेटचा पलंग मागेन. शंभर दिवस रिकामा ठेव म्हणेन. गेल्या वर्षी म्हणायला हवं होतं."

"आणि नाही म्हणाला तर?"

"तर मग त्याला गुण देता येतील."

तिनं हात पुसले. मजुरीला चार लिहिले, निवासाला तीन, सुरक्षिततेला तीन. वागणुकीचा रकाना कोरा ठेवला.

अकरा वाजता यादी कचेरीत पोचली. जुन्या बागेच्या मेसेजच्या गटात तिचा नंबर अजून आहे, त्यामुळे उद्याचं वेळापत्रक तिच्याही फोनवर आलं: तोडणी साडेसहाला, ओळी सत्तावीस ते तीस.