माकडशिंगीचा वास

मला त्या वासाची अजून शिसारी येते, आणि त्याहून जास्त स्वतःची.

धाड गावाजवळ आमच्या वावराला लागून बरडाचं टेकाड होतं. नुसता मुरूम. रस्त्याच्या कामासाठी ट्रॅक्टर भरभरून ते सगळं नेलं, तेव्हा कडेची माकडशिंगी मी उपटून घरी आणली. पानं नाहीत, नुसत्या हिरव्या चौकोनी कांड्या. आणली बाबांसाठी. लहानपणी ते त्या बरडावर बकऱ्या चारायचे. आता त्यांना दिसत नाही. कांडी चाचपून म्हणाले, "दोन जातीच्या अस्तात. कोणती हाय ते फूल आल्यावर सांगीन. आपल्या बरडावरचीचा वास मी इसरलो नाही."

मी मोठा शहाणा! वावरातली काळी माती, शेणखत, रोज तांब्याभर पाणी. कपाशीचे करतो तसे लाड केले. आठ दिवसांत कांड्या सडून शेंबडासारख्या झाल्या. एकच वाचली. ती फुटक्या घमेल्यात मुरूम भरून लावली आणि पाणी तोडलं. दोन वर्षं ढिम्म.

यंदा पावसाळा सरता सरता घरात घाण सुटली. उंदीर मेल्यावर सुटते तशी. थू! दोन दिवस कपाटं सरकवली, कोठ्या उपसल्या. बायकोनं नाकाला पदर लावून स्वयंपाक केला. बाबा खाटेवर बसून गालातल्या गालात हसत होते. मला त्यांचाही राग आला.

तिसऱ्या दिवशी खिडकीखालच्या घमेल्यावर माश्या घोंगावताना दिसल्या. कांडीच्या शेंड्याला तपकिरी-जांभळी, बटणाएवढी फुलं. वाकलो आणि नाक दाबून मागं सरलो. "हेच होय ते हरामखोर!" म्हणत मी ती मुळासकट उपटली, उकिरड्यावर फेकली आणि वर फिनाईल ओतलं.

दुपारी जेवताना बाबांनी विचारलं, "वास काऊन बंद झाला बे? आपल्याच बरडावरची निंघाली ना! तुमी उंदीर धुंडून राह्यले होते, मले हसू येत होतं. म्हटलं, सापडली का पोरगा माह्या हातात आणून देईल."

घास ताटात टाकला. तसाच उष्ट्या हातानं उकिरड्यावर धावलो, कांडी शोधली, तीनदा धुतली आणि त्यांच्या हातात दिली.

त्यांनी फुलं बोटांनी चाचपली, नाकाशी नेली.

"हे तं फिनाईल हाय," म्हणाले, आणि कांडी ताटाबाजूला ठेवून वरणात भाकर कुस्करू लागले.